संध्याकाळचे मैदान: मुंबईत महिला कबड्डीत कसे उतरावे

मुंबईत कबड्डीचा संघ शोधायचा असेल, तर मोबाइल घेऊन बसण्यापेक्षा संध्याकाळी सात वाजता पायात चपला अडकवून घराबाहेर पडणे अधिक उपयोगाचे ठरते. प्रभादेवी, वरळी, लोअर परळ, करी रोड, लालबाग, नायगाव या पट्ट्यात 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि चाळींच्या जागी मनोरे उभे राहिले, तरी कामगारवस्तीने वाढवलेली अनेक क्रीडा मंडळे अजून टिकून आहेत. दोन इमारतींच्या मधली मातीची पट्टी, कडेला व्यायामशाळेची खोली, आत मारुतीची तसबीर, वर हॅलोजनचे दोन दिवे आणि खाली चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा असे दृश्य जिथे दिसेल, तिथे थांबावे आणि कडेला उभे राहून पाहावे.

शाळेत लंगडी, खो-खो, कबड्डी खेळून पुढे दहावीनंतर, नोकरीत किंवा लग्नानंतर ज्यांचे मैदान सुटले, त्या बायकांसाठी हा लेख प्रामुख्याने आहे. चौदा वर्षांच्या खंडानंतर, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा मातीवर पाय ठेवला. तेव्हापासूनचा माझा अनुभव असा, की बाईला मैदानापासून दूर ठेवण्यात वयाचा वाटा फार थोडा असतो. कपडे, दागिने, स्वच्छतागृह, कागदपत्रांवरचे नाव आणि स्वयंपाकाच्या वेळेशी भिडणारी सरावाची वेळ या गोष्टी तिला अडवतात, आणि त्यांतल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे.

मैदान निवडताना

एखाद्या मंडळात नाव घालण्याआधी तिथला सराव निदान तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावा. मुलींना सरावाची स्वतःची ठरलेली वेळ आहे, की मुलांचा सराव संपल्यावर उरेल तेवढा वेळ त्यांच्या वाट्याला येतो, हे तीन दिवसांत स्पष्ट कळते. एखादी मुलगी पडली तर प्रशिक्षक खेळ थांबवून तिच्याजवळ जातात की लांबूनच ओरडतात, हेही पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला आतून कडी आहे का, पाणी आणि दिवा आहे का, हे स्वतः जाऊन तपासावे. सार्वजनिक ठिकाणी बायकांना स्वच्छ आणि विनाशुल्क मुतारी मिळावी म्हणून ‘राईट टू पी’ ही चळवळ याच शहरात उभी राहिली, कारण मुंबईतल्या बाईचा बाहेरचा वेळ किती असेल, हे बऱ्याचदा त्या एका सोयीवर ठरते. दोन तासांच्या सरावात जिला पाणी प्यायचीच भीती वाटते, तिचा खेळ फार दिवस चालत नाही.

शिवशक्ती महिला संघ, डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब, उपनगरातली महात्मा गांधी स्पोर्ट्स अकादमी ही नावे महिला कबड्डीच्या बातम्यांत नेहमी दिसतात. मुलगी लहान असेल आणि तिला खेळात पुढे जायचे असेल, तर अशा संघांचे सामने तिला जरूर दाखवावेत. नव्याने किंवा मोठ्या खंडानंतर सुरुवात करणाऱ्या प्रौढ बाईने मात्र घरापासून चालत पंधरा मिनिटांच्या आतले मैदान निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सराव कितीही चांगला असला, तरी त्यासाठी संध्याकाळच्या गर्दीत लोकल पकडून जावे लागत असेल, तर दुसऱ्या महिन्यात पाय मागे पडतात.

प्रशिक्षकांशी पहिले बोलणे सराव सुरू होण्याआधी करावे. सराव रंगात असताना मध्येच जाऊन बोलू नये. आपले वय, जुना खेळ, जुनी दुखापत आणि आठवड्यातले कोणते दिवस नक्की येता येईल, एवढे सरळ सांगावे. ‘‘सर, मला संघात घ्या’’ असे म्हणण्यापेक्षा ‘‘सर, मी आठवड्यातून तीन दिवस येईन, मला पकडीला उभे राहायला शिकायचे आहे’’ असे म्हटले, तर समोरच्याला आपला हेतू लगेच कळतो. मंडळात कोणी ज्येष्ठ ताई खेळत असतील, तर त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे; फी किती, चेंजिंग रूम आहे का, सामन्यांना बाहेरगावी जाताना सोबत कोण असते, ही माहिती त्यांच्याकडून खरी मिळते.

शरीराची तयारी

पहिले सहा आठवडे कबड्डीसाठी शरीर तयार करण्याचे आहेत असे समजावे आणि सामन्याची घाई करू नये. पस्तिशी ओलांडली असेल, तर आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, रक्तातली साखर आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले होते. म्हणजे धाप लवकर लागण्याचे कारण प्रत्येक वेळी सरावाचा अभाव हेच असेल असे नाही, अनेकदा ते रक्तात असते, आणि रक्तात लोह कमी असेल तर नुसते धावून दम वाढत नाही.

दमाचा सराव घरीही करता येतो. चढाईसाठी नियमाने 30 सेकंद मिळतात आणि त्या काळात ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार स्पष्ट आणि अखंड चालू ठेवावा लागतो. सुरुवातीला घरात हळूहळू फेऱ्या मारत 15 सेकंद एका दमात उच्चार करावा, मग 20, मग 30 सेकंदांपर्यंत जावे. शेजारच्या काकू दारातून डोकावतील. त्यांनाही सोबत घ्यावे.

गुडघ्याची काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्यावी. अचानक दिशा बदलणाऱ्या खेळांत गुडघ्यातला अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, आणि अशी दुखापत झाली तर बहुतेक वेळा पूर्ण हंगाम जातो. म्हणून बैठका, एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे आत न वळवता मऊ उतरणे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम हे प्रत्येक सरावाच्या आधी पंधरा मिनिटे करावेत. पडायलाही शिकावे लागते. हात ताठ टेकून पडले तर मनगट जाते. खांदा आणि कुशी यांवर अंग सोडून लोळण घेतली तर माती आघात झेलते.

कपडे आणि दागिने

नियमांनुसार कबड्डी खेळताना अंगावर दागिने चालत नाहीत, नखे कापलेली असावी लागतात आणि अंगाला तेल किंवा तेलकट काही लावता येत नाही. नखांचा प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी आणि नथनी यांचा प्रश्न मात्र पुष्कळ बायकांसाठी खरोखर मोठा असतो, आणि त्याला हसून उडवणारे मंडळ सोडून द्यावे असे मी म्हणेन. आमच्या मंडळात यावर एक साधी रीत पडली आहे. सराव सुरू होण्याआधी एक जाड कापडी बटवा कडेच्या बाकावर बसणाऱ्या ज्येष्ठ वहिनींच्या हाती जातो. प्रत्येक जण आपले दागिने रुमालाच्या गाठीत बांधून त्यात ठेवते, रुमालाच्या कोपऱ्यावर आपले नाव दोऱ्याने शिवलेले असते, आणि सराव संपेपर्यंत वहिनी तो बटवा मांडीवरून खाली ठेवत नाहीत. पहिल्या आठवड्यात एका नव्या मुलीने सासूबाईंना ही सगळी व्यवस्था आणून दाखवली. दुसऱ्या आठवड्यात सासूबाई स्वतः बाकावर येऊन बसू लागल्या.

जोडव्यांबद्दल विशेष काळजी घ्यावी, कारण मातीवर अनवाणी खेळताना ती दुसरीच्या पायाला लागतात आणि स्वतःचे बोटही सुजवतात. चमकी सहज निघत नसेल, तर सोनाराकडून फिरकी सैल करून घ्यावी. वरून पट्टी चिकटवून खेळणे धोक्याचे आहे. केसांना धातूच्या पिना न लावता घट्ट वेणी घालून रबर लावावे. कपडे अंगाला नीट बसणारे आणि ओढले तरी न फाटणारे असावेत, स्पोर्ट्स ब्रा आधी घालून उड्या मारून पाहावी, आणि हाफ पँट नको वाटत असेल तर सरावात गुडघ्याखालपर्यंतची घट्ट पँट घालण्याबद्दल प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. मॅटवर खेळायची वेळ आली की सपाट रबरी तळाचे बूट घ्यावेत. मातीसाठी सुरुवातीला काहीच विकत घेऊ नये.

मातीवरचे पहिले दिवस

महिलांचे मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असते. प्रत्येक बाजूला सात जणी उतरतात. गडी मारला की गुण, चढाई करणारीला पकडली की गुण, समोर सहा किंवा सात जणी असताना एक पाय हवेत ठेवून बोनस रेषा ओलांडली की बोनसचा गुण, आणि समोरचा पूर्ण संघ बाद झाला की लोणाचे जादा दोन गुण, इतके कळले की पहिला सामना समजून पाहता येतो.

नव्या बाईला वाटते की चढाई म्हणजेच कबड्डी. मला उलटे वाटते. प्रौढ वयात सुरुवात करणारीने आधी साखळी शिकावी, कारण वेग कमी असला तरी साखळीत तिला पहिल्या महिन्यातच उपयोगी पडता येते. दोघी जणी एकमेकींचे हात बोटांत बोटे न अडकवता मनगटाशी धरतात. बोटे अडकवली तर ओढाताणीत ती मोडतात. गुडघे वाकलेले, वजन पुढच्या पंजांवर, नजर चढाई करणारीच्या चेहऱ्याकडे न ठेवता तिच्या कमरेवर. चेहरा फसवतो, पाय फसवतात, कंबर मात्र जिथे जायचे तिकडेच वळते. ती खोलवर आली की कोपऱ्यावरची खेळाडू पुढे सरकते आणि साखळी मागून वाट बंद करते. दोघींपैकी एकीने जरी घाई केली, तरी हात सुटतो आणि दोघी बाद होतात. म्हणून साखळीतल्या जोडीदारणीचा श्वास ओळखता येईपर्यंत त्याच जोडीने सराव करावा. पुढे घोटा पकड आणि कंबर पकड यांचा सराव प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, अर्ध्या वेगाने करावा.

घरच्या वेळापत्रकाचा विषय इथेच येतो, कारण तीन आठवडे सलग सराव झाला नाही तर शिकलेले सगळे विसरते. पाणी येण्याची वेळ, मुलांचा क्लास, स्वयंपाक आणि परतीची लोकल यांच्या मध्ये सरावाचे तीन दिवस बसवायचे, तर ते घरात आधी जाहीर करून कॅलेंडरवर लिहून टाकावेत. चपात्या कोण लाटणार हे त्या तीन दिवसांपुरते ठरले, की बाकीचे आपोआप मार्गी लागते.

किनाऱ्यावरचा सराव

जिथे मैदानच नाही, तिथे मुंबईला समुद्र आहे. जुहू, वर्सोवा, अक्सा, गोराई इथल्या वाळूत पायाच्या पोटऱ्या आणि घोटे फार चांगले तयार होतात. बीच कबड्डी हा स्वतंत्र प्रकार असून त्यात एका बाजूने चारच जणी खेळतात, त्यामुळे आठ जणी जमल्या तरी डाव होतो. मे 2025 मध्ये दीवला झालेल्या पहिल्या खेलो इंडिया बीच गेम्समध्येही कबड्डीचा समावेश होता.

वाळूवर सराव ठरवताना घड्याळाआधी तिथी पाहावी, हे कोळीवाड्यातल्या कोणत्याही आजी सांगतील. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती साधारण दुपारी बाराच्या सुमारास येते आणि संध्याकाळी सहा-सातला ओहोटी असते, त्यामुळे त्या दिवसांत सरावासाठी ओली, घट्ट आणि रुंद वाळू मिळते. वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; आज सहाला ओहोटी असेल तर उद्या ती सातला दहा कमी असताना. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी पाणी वर आलेले असते, तेव्हा सराव मातीवर घ्यावा. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू फक्त चालण्यासाठी वापरावी, तिच्यात पकडीचा सराव करताना घोटा मुरगळतो. खेळण्याआधी सर्वांनी एका रांगेत चालत काचा, गळ आणि जाळ्यांचे तुकडे वेचून काढावेत.

पावसाळ्यात किनारा टाळावा. उधाणाचा धोका तर असतोच, शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये निळ्या रंगाचे, जेलीफिशसारखे दिसणारे ब्लू बॉटल हे समुद्री जीव किनाऱ्यावर वाहून येतात आणि त्यांच्या तंतूंचा दंश फार झोंबतो. दंश झाल्यास ती जागा चोळू नये, तंतू काडीने किंवा कार्डाने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, सोसेल इतक्या गरम पाण्याने शेकावे आणि त्रास वाढल्यास डॉक्टरांकडे जावे. इतर दिवसांतही किनारपट्टीच्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीरातले मीठ कमी होते, म्हणून साध्या पाण्याबरोबर चिमूटभर मीठ घातलेले कोकम सरबत सोबत ठेवावे.

नोंदणी आणि कागदपत्रे

अधिकृत स्पर्धा खेळायच्या असतील, तर आपले मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न आहे का ते विचारावे. मुंबईत कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग मुंबई शहर जिल्ह्यात येतो आणि वांद्रे-कुर्ल्यापासून पुढचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात, आणि दोन्हींच्या कबड्डी संघटना वेगळ्या आहेत. गट वय आणि वजन यांवर ठरतात: किशोरी गटात 16 वर्षांखालील व 55 किलोपर्यंतच्या मुली, कुमारी गटात 20 वर्षांखालील व 65 किलोपर्यंतच्या, आणि महिला गटात 75 किलोपर्यंतच्या खेळाडू खेळतात. महिला गटाला वरची वयोमर्यादा नाही, हे वाक्य मी नव्या बायकांना दोनदा वाचून दाखवते.

कागदपत्रांत सर्वांत जास्त घोळ नावाचा होतो. माझ्या जन्मदाखल्यावर माहेरचे नाव होते आणि आधारवर सासरचे. नोंदणी अर्ज भरताना कोणी विचारले नाही, मीही सांगितले नाही, आणि सामन्याच्या सकाळी टेबलावर दोन्ही कागद समोरासमोर आल्यावर मला कडेला बसवण्यात आले. आमचा संघ त्या दिवशी राखीव खेळाडूशिवाय खेळला. हा दिवस दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून सांगते, की हंगामापूर्वी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडावी, कोणते नाव वापरायचे ते एकदाच ठरवावे आणि प्रत्येक प्रमाणपत्रावर त्याच नावाचा आग्रह धरावा. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. लेकीचे प्रमाणपत्र नावातल्या एका अक्षरामुळे अडले, तर मैदानावरची सगळी वर्षे वाया जातात.

जवळपास महिला संघच नसेल तर

सात जणींनी संघ उभा राहत नाही. पाळी, परीक्षा, पाहुणे, आजारपण हे सगळे धरून निदान पंधरा नावे हाताशी असावीत. वस्तीतल्या जुन्या मंडळाकडे मैदान असेल, तर त्यांच्या कार्यकारिणीला लेखी अर्ज देऊन आठवड्यातले ठरावीक दिवस आणि ठरावीक तास मागावेत आणि त्याचा ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. तोंडी मिळालेली वेळ दहीहंडी-गणपतीच्या तयारीत सर्वांत आधी जाते. स्वतंत्र संस्था काढायची असेल, तर त्यासाठीही किमान सात सभासद लागतात. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी होते. पहिल्या वर्षी तो खटाटोप न करता जुन्या मंडळाच्या छत्राखाली महिला विभाग चालवणे बरे. स्पर्धा भरवली, तर महापालिकेच्या विभाग कार्यालयाची आणि पोलीस ठाण्याची परवानगी वेळेत घ्यावी आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो हे धरूनच सामन्यांचे वेळापत्रक आखावे.

अल्पवयीन मुली संघात असतील, तर बाहेरगावी जाताना एक जबाबदार महिला सोबत असलीच पाहिजे, यावर तडजोड करू नये. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या 2013 च्या कायद्यात क्रीडा संस्था, क्रीडा संकुल आणि स्पर्धेचे ठिकाण यांचाही ‘कामाचे ठिकाण’ म्हणून समावेश आहे. संस्थेत अंतर्गत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. मुलांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक व्यायामशाळेच्या भिंतीवर मुलींच्या डोळ्यांच्या उंचीवर मोठ्या अक्षरांत लिहावा.

खेळायचे नसेल किंवा खेळणे थांबले असेल तर

2012 मध्ये पाटण्याला झालेला महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात मुंबईची अभिलाषा म्हात्रे होती आणि 2015 साठीचा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. अशी एक खेळाडू घडते तेव्हा तिच्यामागे कडेला बसून गुण लिहिणाऱ्या, बर्फाची पिशवी धरणाऱ्या, मुलींना घरी पोचवणाऱ्या अनेक बायका असाव्या लागतात, आणि तेही खेळणेच आहे. एका सामन्याला सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. म्हणजे गुडघा गेलेल्या किंवा कधीच न खेळलेल्या बाईलाही मैदानात जागा आहे. पंच व्हायचे असेल, तर परीक्षा द्यावी लागते. तिची चौकशी जिल्हा संघटनेकडे करावी आणि तोवर मंडळाच्या सरावसामन्यांत गुणपत्रक लिहिण्यापासून सुरुवात करावी. रेघा मारलेली वही, दोन रंगांची पेने आणि थांबघड्याळ एवढेच साहित्य लागते. एका रंगाने चढाईचे गुण लिहावेत, दुसऱ्याने पकडीचे, बोनससाठी वेगळी खूण ठेवावी, आणि प्रत्येक लोणानंतर दोन्ही संघांची बेरीज शेजारच्या सहायकाशी बोलून पडताळून मगच पुढची चढाई लिहावी.